‘आई कुठं होती?’



या पानावर माझ्यासारखीनं लिहायचं म्हटलं की तुमची अपेक्षा ठरलेली असते. भुरीला काय फवारावं, खोडव्याचं पाचट का जाळू नये, मातीचा नमुना कसा घ्यावा. आज मात्र घरातलं लिहिते आहे. कृषी पदविका घेऊन मी खात्यात लागले त्याला बारा वर्षं झाली. माहेर कोरेगाव तालुक्यातलं, सासर तासगाव भागातलं. घरी अडीच एकर द्राक्षबाग, दीड एकर ऊस, दोन म्हशी आणि दोन मुलगे. थोरला तिसरीत, धाकटा अंगणवाडीत. दिवसभर लोकांच्या बांधावर सल्ला द्यायचा आणि सांज-सकाळ ही दोन वासरं आवरायची, असा माझा प्रपंच.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. धाकट्याला खोकला झाला होता. डॉक्टरांनी गोड पातळ औषध दिलं होतं आणि ते त्याला फार आवडलं. दिवसातून तीनदा द्यायचं, तर हा पाचदा मागायचा. त्या दिवशी मी कामाच्या गावी शेतीशाळा घेत होते. विषय होता सुरक्षित फवारणी. डब्यावरचा रंगीत त्रिकोण लोकांना दाखवत होते आणि फोन वाजला. पलीकडं सासूबाई रडत होत्या.

घडलं ते असं. उसाच्या खोडकिडीसाठी आणलेलं क्लोरपायरीफॉस घरात शिल्लक होतं. भावकीतल्या एकानं अर्धा लिटर उसनं मागितलं, म्हणून सासऱ्यांनी ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून गोठ्याच्या खिडकीत ठेवलं. “औषध काढून ठेवलंय, घिऊन जा,” असं त्यांनी फोनवर सांगितलं. ते धाकट्यानं ऐकलं. औषध म्हटल्यावर ते आपलंच! त्यानं बूच काढलं, निम्मं अंगावर सांडलं आणि बाटली तोंडाला लावणार एवढ्यात थोरला ओरडला, “आज्जे, ह्यो बग काय पितुया!” सासूबाईंनी शेणाची पाटी तिथंच टाकली आणि धावत जाऊन बाटली हिसकावली.

शेजारची एक बाई मीठ-पाणी घेऊन आली होती. मी फोनवरून सांगितलं, काही पाजू नका. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, मूळ डबा बरोबर घ्या आणि निघा. रात्रभर डॉक्टरांनी देखरेखीखाली ठेवलं. पोटात काही गेलं नव्हतं. सकाळी पोरगं खोकत खोकत चहा-बिस्किट मागायला लागलं, तेव्हा मला रडू फुटलं.

घरी आल्यावर माणसं बघायला आली. जो तो एकच विचारी, “पोराची आई कुठं होती?” बाटली कुणी भरली, गोठ्यात का ठेवली, हे कुणी विचारलं नाही. पोराचा बाप कुठं होता, हेही नाही. तो बागेत होता. बाप बागेत असला की पुढचा प्रश्न येत नाही.

तेव्हा मला त्या प्रश्नाचा राग आला होता. आज मात्र त्याचं नीट उत्तर द्यावं असं वाटतं. कारण तो प्रश्न एकट्या माझा नाही. कराडपासून जतपर्यंत ज्या ज्या घरात लहान पोरं आहेत आणि शेती आहे, त्या सगळ्या घरांचा तो आहे.

आई कुठं असते?

सकाळी पाचला उठलं की आधी गोठा. शेण-घाण, धारा, डेअरीला दूध. मग चुलीवर पाणी आणि गॅसवर चहा. साडेसहाला पोरांना उठवायला गेलं की एक जण पांघरुणात शिरतो आणि दुसरा उठल्या उठल्या बॅट शोधतो. एकाचा मोजा सापडत नाही, दुसऱ्यानं तो कुत्र्याला घातलेला असतो. आंघोळीला पहिला कोण यावर भांडण, शेवटची अंडापोळी कुणाची यावर भांडण. डबा भरायचा, दप्तर बघायचं, “गृहपाठ झाला का?” विचारायचं आणि “कालच झालाय” हे उत्तर खोटं आहे हे माहीत असून वेणी घालायला बसायचं. नऊला मी कामावर निघते.

नोकरी नसलेल्या बाईचं तरी काय वेगळं आहे? ती नऊला खुरपं घेऊन भांगलणीला जाते, नाहीतर बागेत फेलफुटी काढायला. पोर शाळेत जाणारं असेल तर ठीक, नसेल तर बांधावरच्या झाडाखाली. संध्याकाळी वैरण, धारा, भाकऱ्या, भांडी. रात्री शेतीची लाइट असली की घरधनी पाण्यावर जातो आणि पोरं तिच्या कुशीत. एवढ्या धबडग्यात चार-पाच वर्षांच्या मुलग्यावर प्रत्येक क्षणी नजर ठेवणं कुणालाच जमणार नाही. ज्या घरात धोका पोराच्या हाताला लागेल असा ठेवलेला आहे, तिथं दहा आया असल्या तरी एखादा दिवस नजर चुकायचीच.

पिकाच्या बाबतीत आपण असं वागत नाही. डाऊनी येऊ नये म्हणून आधीच फवारणी करतो. बागेला कुंपण घालतो, पाखरं येऊ नयेत म्हणून जाळी लावतो. राखण्या लक्ष ठेवील म्हणून जाळी काढून टाकत नाही. मग पोराच्या बाबतीत सगळं एका राखणीवरच का सोपवतो?

‘औषध’ म्हणणं सोडा

आपल्याकडं कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. मीही म्हणत होते. पोराला आपणच शिकवतो की औषध घेतलं की बरं वाटतं, शहाणी मुलं औषध घेतात. मग त्यानं गोठ्यातलं औषध का घेऊ नये? त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला ‘विष’ म्हणतात. “विष मारायला चाललोय, लांब हो,” असंच सांगतात. सासऱ्यांना सुरुवातीला हा शब्द अशुभ वाटला. आता तेच भावकीला सांगतात. यासाठी एक पैसा लागत नाही.

डब्यावरचा त्रिकोण मुलांनाही ओळखायला शिकवा. तांबडा म्हणजे अतिशय विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम आणि हिरवा कमी. हिरवा असला तरी तो पिण्याचा नव्हे. लहान मुलाचं वजन पंधरा किलो, तुमचं साठ. जेवढ्यानं तुम्हाला नुसती मळमळ होईल, तेवढं त्याच्या जिवावर बेतू शकतं. शिवाय मुलं हात सारखा तोंडात घालतात आणि जमिनीवर खेळतात.

आता कामाच्या गोष्टी:

१. कीटकनाशक मूळ डब्यातून दुसऱ्या कशातही ओतू नका. पाण्याची, सरबताची, तेलाची बाटली तर मुळीच नाही. शेजाऱ्याला द्यायचं असेल तर डबाच द्या आणि उरलेलं परत आणा. डब्यावरच्या लेबलात विषबाधेवरचा उतारा लिहिलेला असतो. डॉक्टरला तोच लागतो.

२. जुनी पत्र्याची पेटी असेल तर तिला कुलूप लावा आणि पोराच्या डोक्यापेक्षा उंच ठेवा. किल्ली घरात एकाच ठिकाणी. स्वयंपाकघरात, धान्याच्या कणगीजवळ, पेंडीच्या पोत्यावर विष ठेवू नका. धान्यात घालायच्या विषारी गोळ्या झोपायच्या खोलीत तर चुकूनही नकोत. त्यांचा वायू जीव घेतो.

३. माळा झाडून बघा. एंडोसल्फानला सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली मनाई केली. फोरेट, ज्याला आपण थायमेट म्हणतो, आणि डायक्लोरव्हॉस, म्हणजे नुवान, यांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. तरी कुणाच्या तरी माळ्यावर अर्धी पुडी, पाव बाटली सापडतेच. ती ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. कुलपात ठेवा आणि विल्हेवाट कशी लावायची ते कृषी कार्यालयात विचारा.

४. रिकामा डबा तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता आणि डब्याला भोकं पाडा. भोक पडलेल्या डब्यात कुणी पाणी पीत नाही आणि पोरं त्याची गाडीही करत नाहीत.

५. फवारून आलेल्या बापानं आंघोळीआधी पोराला उचलू नये. हे पाळणं सगळ्यात अवघड, कारण गोडी छाटणीनंतर बाप दिवसभर बागेत असतो आणि तो दिसला की पोरगं पळत येऊन पायाला मिठी मारतं. आमच्याकडं आता मागच्या दारी बादली भरून ठेवलेली असते. आधी आंघोळ, मग पोरं. फवारणीचे कपडे पोरांच्या कपड्यांत भिजवू नका, वेगळे धुवा. तेही ज्याचे त्यानं धुतले तर उत्तम.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो लोकांना विषबाधा झाली. ती जाणती, कामात मुरलेली माणसं होती. लहान पोराची काय कथा?

विषबाधा झालीच तर

तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, घाम, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप, सुस्ती ही लक्षणं दिसली, किंवा नुसता संशय आला, तरी थांबू नका. १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबण-पाण्यानं अंग, केस, नखं धुवा. डोळ्यात गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं धूत राहा. मीठ-पाणी, दूध, तूप, ताक काही पाजू नका आणि घशात बोट घालून उलटी काढू नका. बऱ्याच कीटकनाशकांत रॉकेलसारखं द्रावण असतं. उलटीबरोबर ते फुफ्फुसात गेलं तर जास्त घात होतो. पोराला कुशीवर झोपवा आणि डबा बरोबर न्या. मांत्रिक, गावठी उतारा यात वेळ घालवू नका.

विहीर वेगळी, शेततळं वेगळं

आपल्या भागातली पोरं विहिरीतच पोहायला शिकली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा नाहीतर चुलता पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा रिकामा डबा बांधून ढकलून द्यायचा. आठ दिवसांत पोरगं तरंगायचं. माझे भाऊ असेच शिकले. मी मुलगी म्हणून काठावर कपडे राखत बसले. ते चूकच झालं. मुलींनाही पोहता आलं पाहिजे.

पण विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, दोर असतो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याला यातलं काही नसतं. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. आटपाडी, कवठे महांकाळ, जत, माण, खटाव या भागात डाळिंबाला, द्राक्षाला शेततळ्यांनी जीवदान दिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. योजनेतलं मोठं तळं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं. तीन मीटर म्हणजे दहा फूट खोल. कडेचं प्लास्टिक ओलं झालं की साबणासारखं निसरडं होतं. पट्टीचा पोहणारा माणूसही त्यावरून वर येऊ शकत नाही. एक पोर घसरलं की काढायला दुसरं उतरतं, आणि मग दोन्ही जातात.

तळ्याला कुंपण आणि दाराला कुलूप हवंच. शिवाय चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर काठाच्या खुंट्यांना बांधून पाण्यात सोडा. एखाद्या बाजूला जुन्या टायरची शिडी करा. हवा भरलेली ट्यूब नाहीतर बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन दोरीला बांधून काठावर ठेवा. तळ्यावर केलेल्या खर्चापुढं हा खर्च किरकोळ आहे.

कोरड्या बोअरचंही तसंच. २००६ साली हरियाणात पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला आणि जवळजवळ दोन दिवसांनी सुखरूप निघाला. साऱ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. पडीक बोअर बुजवावं आणि चालू बोअरला घट्ट झाकण असावं, अशा सूचना सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली दिल्या आहेत. पाणी लागलं नाही म्हणून गोणपाट टाकून तसंच सोडलेलं बोअर तुमच्या रानात आहे का? आजच बघा.

ऊस, ट्रॉली आणि कुट्टी

गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ऊस आणि उसामागं पोरं. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढणं हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलग्यांचा जुना खेळ. बापानंही लहानपणी ओढलेला असतो, म्हणून तो रागावताना हसतो. तेवढं हसू पोराला पुरतं. आता ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि मागच्या चाकाजवळ काय चाललंय ते ड्रायव्हरला दिसत नाही. घरी उसाची मोळी आणून ठेवा, पण या खेळाला हसू नका. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पोराला बसवून रोटर मारणं हेही कौतुकाचं काम नाही. कडबाकुट्टीचा स्विच पोराच्या हाताला लागणार नाही इतका उंच घ्या आणि काम झालं की फ्यूज काढा.

आणि एक विनंती. तुमच्या फडात बीडकडून नाहीतर जतकडून आलेली टोळी असते. त्या टोळीतल्या आया पहाटे अंधारात कोयता घेतात. लहान पोर पाचटावर गोधडीत झोपलेलं असतं आणि त्याच पाचटावर ट्रॅक्टर मागं घेतला जातो. ऊस आपला आहे, तर त्या पोराला सुरक्षित जागा देणंही आपलं काम आहे. एखादी सावली, बांबू रोवून केलेली झोळी, लक्ष ठेवायला एक म्हातारी. ट्रॅक्टर मागं घेण्याआधी एका माणसानं मागं उभं राहायचं, हा नियम करा. अंगणवाडी सेविकेला सांगितलं तर टोळीतल्या मुलांची नोंद होऊन त्यांना आहारही मिळतो.

गावानं काय करावं?

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींनी हे काम बायकांच्या मेळाव्यापुरतं ठेवू नये. एका ग्रामसभेत विषय घ्या. गावातली उघडी बोअर, विनाकठड्याच्या विहिरी, विनाकुंपणाची शेततळी यांची यादी करा आणि मालकाला लेखी कळवा. अंगणवाडी आणि शाळेजवळच्या धोक्यांपासून सुरुवात करा. आशाताईंच्या घरभेटीत ‘विष कुठं ठेवता?’ हा एक प्रश्न वाढवा. आणि ग्रामसभेत हा विषय बापांसमोर मांडा. बायकांना तो माहीतच आहे.

शेवटी

आपल्या भागाला मुलग्याची हौस किती, हे मी सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत नऊशेच्या खाली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या २८० हून अधिक मुलींची नावं समारंभानं बदलली गेली. मलाही दोन मुलगे झाल्यावर बायकांनी “सुटलीस बाई” म्हणून ओटी भरली होती. ज्या मुलग्यासाठी एवढे नवस, त्याच्या हाताशी आपण विषाची बाटली ठेवतो. मुलगी असती तरी हेच लिहिलं असतं, कारण बाटलीला दोन्ही सारखेच.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर मुलाच्या नावानंतर आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव लागतं. चांगलं झालं. कागदावर आईचं नाव बापाशेजारी आलं, तसं पोराच्या राखणीत बापाचं नाव आईशेजारी यायला हवं.

आमच्या घरात आता पेटीला कुलूप आहे आणि किल्ली सासऱ्यांच्या कडदोऱ्याला. धाकटा कधी कधी विचारतो, “आज्जा, विष झोपलं का?” सासरे कुलूप ओढून दाखवतात आणि म्हणतात, “झोपलं.” मग तो झोपतो.

आज संध्याकाळी बागेतून आल्यावर तुम्हीही एकदा गोठ्याची खिडकी बघा.